बजेट गेमिंग पीसी: पैसे नेमके कुठे घालायचे?

१०८०पी गेमिंगसाठी पीसी जोडताय? आधी ग्राफिक्स कार्ड ठरवा, बाकीचं त्यानुसार. ८ जीबीचं आरएक्स ६६०० अजूनही छान चालतं. सोबत रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड. दुकानदार ५६००जी पुढे करेल, पण वेगळं कार्ड घेणार असाल तर तो नको: त्यात एल३ कॅश १६ एमबी, साध्या ५६०० मध्ये ३२. गेममध्ये हा फरक दिसतो.

रॅम ८-८ जीबीच्या दोन स्टिक घ्या. चार स्लॉटच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या, की ड्युअल चॅनल मिळतं. बायोसमध्ये एक्सएमपी चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा कमी वेगावरच चालते.

आणि हो, कॅबिनेटसोबत येणारा स्वस्तातला एसएमपीएस अजिबात नको! चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घ्या.