ॲम्प स्विचर व पेडल लूपर

ॲम्प स्विचर आणि पेडल लूपर ही विद्युत गिटारच्या संकेतमार्गात बसवावयाची दोन नियंत्रक उपकरणे आहेत. ती स्वतः कोणताही ध्वनी निर्माण करीत नाहीत किंवा बदलत नाहीत. गिटारकडून आलेला संकेत कोणत्या वाटेने न्यायचा, एवढेच ठरवितात. पेडल लूपर हा इफेक्ट पेडलांना गरजेप्रमाणे मार्गात घेतो किंवा मार्गाबाहेर ठेवतो. ॲम्प स्विचर हा एकाच गिटारचा संकेत दोन किंवा अधिक ॲम्प्लिफायरांपैकी एकाकडे, अथवा एकाच वेळी दोहोंकडे पाठवितो.

नावातील साम्यामुळे एक घोटाळा नेहमी होतो. वाजविलेला तुकडा ध्वनिमुद्रित करून तो पुन्हा पुन्हा ऐकविणाऱ्या उपकरणालाही ‘लूपर’च म्हणतात. त्याचा या लेखाशी संबंध नाही. येथे ‘लूप’ म्हणजे संकेत बाहेर जाण्याचे एक छिद्र व परत येण्याचे एक छिद्र, आणि त्या दोहोंच्या मध्ये जोडलेले पेडल.

गरज

गिटारच्या पिकअपमधून निघणारा संकेत अतिशय क्षीण असतो आणि तारेच्या लांबीचा त्याच्यावर परिणाम होतो. गिटारच्या केबलमध्ये आतली तार व बाहेरचे जाळीदार आवरण यांच्यात विद्युत धारकता असते. सर्वसाधारण केबलमध्ये ती दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास धरतात. पिकअपची प्रवर्तकता २.५ हेनरी मानली, तर सहा मीटर केबलसह त्याचे अनुस्पंदन सुमारे ४,१०० हर्ट्झवर येते. केबल बारा मीटर केली की तेच सुमारे २,९०० हर्ट्झपर्यंत उतरते. वरच्या पट्टीतील झळाळी कमी होऊन स्वर मंद, काहीसा घोंगडी पांघरल्यासारखा ऐकू येतो. आठ-दहा पेडले एकापुढे एक जोडली म्हणजे त्यांच्यामधल्या छोट्या केबली, जोडण्या व बंद असलेल्या पेडलांचे अंतर्गत मंडल या सर्वांचा भार संकेतावर पडत राहतो. लूपर असल्यास वापरात नसलेली पेडले मार्गातून पूर्णपणे वगळली जातात.

दुसरे कारण वादकाच्या पायांचे आहे. गाण्याचे धृपद संपून अंतरा सुरू होताना तीन पेडले बंद करून दोन चालू करावयाची असतील, तर एका मात्रेत ते शक्य होत नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणात ही अडचण तितकीशी जाणवत नसे. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) या चित्रपटातील ‘दम मारो दम’मध्ये भूपिंदर सिंग यांनी गिटार वाजविली, अशा ध्वनिमुद्रणात एका गाण्यासाठी एक स्वररूप ठरविले की पुढचे गाणे येईपर्यंत त्याला हात लावण्याचे कारण सहसा नसे. रंगमंचावर मात्र ऑर्केस्ट्रातील गिटारवादकाला लावणीनंतर लगेच रॉक गीत वाजवावे लागते.

पेडल लूपरचे प्रकार

सर्वांत साधा लूपर निष्क्रिय असतो. त्यात प्रत्येक लूपसाठी पायाने दाबावयाचे एक बटण असते व संकेताचा मार्ग केवळ यांत्रिक संपर्कांनी बदलतो. दिवा लावावयाचा नसेल तर त्याला वीजही लागत नाही. बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नाही, आणि तीन-चार पेडले वापरणाऱ्या विद्यार्थ्याला यापेक्षा अधिकाची आवश्यकता क्वचितच पडते.

त्यापुढचा प्रकार बफरयुक्त. बफर हे असे मंडल की ज्याचा आगमसंरोध फार मोठा, बहुधा एक मेगाओहमच्या घरात, आणि निर्गमसंरोध लहान असतो. त्यामुळे पिकअपवर भार पडत नाही व पुढची लांब केबल सहज चालविता येते. मात्र बफर सर्वत्र हितकारक नाही. १९६६ साली बाजारात आलेले ‘फझ फेस’ आणि त्या घाटाची इतर पेडले थेट पिकअपलाच जोडलेली असावी लागतात. मध्ये बफर आला की त्यांचा स्वर कर्कश होतो आणि गिटारचा व्हॉल्यूम कमी करून आवाज स्वच्छ करण्याची त्यांची खुबी नाहीशी होते. म्हणून बफरयुक्त लूपर घेताना पहिला लूप बफरच्या आधी ठेवता येतो का, किंवा बफर बंद करता येतो का, हे पाहणे लूपांची संख्या मोजण्यापेक्षा महत्त्वाचे ठरते.

तिसरा प्रकार स्मृतियुक्त लूपरचा. यात कोणते लूप चालू व कोणते बंद, हे आधीच साठवून ठेवता येते आणि एका बटणाने सारी मांडणी बदलते. इंग्लंडमध्ये पीट कॉर्निश आणि अमेरिकेत बॉब ब्रॅडशॉ यांनी व्यावसायिक वादकांसाठी एकेक करून जी नियंत्रणयंत्रणा घडविली, तिचेच पुढे कारखान्यात तयार होणारे रूप म्हणजे आजचे हे लूपर. जपानच्या बॉस कंपनीच्या ईएस-८ मध्ये आठ, ईएस-५ मध्ये पाच आणि एमएस-३ मध्ये तीन लूप आहेत. शेवटच्यात स्वतःचे इफेक्टही आहेत. अशा यंत्रांतून मिडी संदेश पाठवून डिजिटल पेडलांतील साठविलेली मांडणी बदलता येते, तसेच ॲम्प्लिफायरचे चॅनलही बदलता येते.

लूप किती हवेत, याचा हिशेब पेडलांच्या संख्येवरून करू नये. नेहमी एकत्रच वापरली जाणारी दोन पेडले एकाच लूपमध्ये बसतात. ट्यूनरला लूप लागत नाही. बहुतेक लूपरांत त्यासाठी स्वतंत्र छिद्र असते. याउलट विलंब व प्रतिध्वनीची पेडले ॲम्प्लिफायरच्या पूर्ववर्धकानंतर, म्हणजे त्याच्या मागील ‘सेंड’ व ‘रिटर्न’ छिद्रांमध्ये जोडावयाची असल्यास लूपरचे दोन स्वतंत्र भाग पडू शकतात का, हे आधी तपासावे लागते. ते न तपासता घेतलेला महागडा लूपर अर्धाच उपयोगी पडतो.

ॲम्प स्विचर

ॲम्प स्विचरचा परिचित प्रकार म्हणजे ‘एबीवाय’ पेटी: ए म्हणजे पहिला ॲम्प, बी म्हणजे दुसरा, वाय म्हणजे दोन्ही. निष्क्रिय पेटीत दोन्ही ॲम्प एकदम जोडले की प्रत्येकाचा एक मेगाओहमचा आगमसंरोध मिळून पिकअपवर पाचशे किलोओहमचा भार येतो आणि स्वर किंचित बोथट होतो. दोन्ही ॲम्प बरोबरच वाजवावयाचे असतील तर बफर असलेली पेटी घ्यावी. एका वेळी एकच वापरावयाचा असेल तर निष्क्रिय पेटी पुरते.

दोन ॲम्प जोडताच बहुधा गुणगुण सुरू होते. याचे कारण पेटीत नसून विजेच्या जोडणीत असते. प्रत्येक ॲम्प आपल्या तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेला असतो, आणि स्विचरमधून त्यांच्या केबलींची आवरणेही एकमेकांस जोडली जातात. असे एक बंद वलय तयार होऊन त्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो. योग्य उपाय दोन आहेत: दोन्ही ॲम्प एकाच बोर्डावरून चालविणे, आणि ज्या स्विचरच्या एका निर्गमावर एकास एक प्रमाणाचा विलगक ट्रान्सफॉर्मर आहे असा स्विचर निवडणे. जर्मनीच्या लेहले आणि कॅनडाच्या रेडियल या कंपन्यांचे असे स्विचर प्रसिद्ध आहेत. ट्रान्सफॉर्मरमुळे संकेत पलीकडे जातो, परंतु आवरणे विद्युतदृष्ट्या वेगळी राहतात. ॲम्पच्या अर्थिंगला मात्र धक्का लागत नाही.

दोन ॲम्प बरोबर वाजविताना खर्ज नाहीसा झाला, तर एका ॲम्पमधील संकेत उलटा होत आहे असे समजावे. चांगल्या स्विचरवर यासाठी दिशा उलटविणारे बटण असते. पण एका बाजूला डिजिटल पेडल असून त्याने एक-दोन मिलिसेकंद उशीर केला असेल, तर या बटणाने काम भागत नाही. एक मिलिसेकंद म्हणजे स्पीकर सुमारे ३४ सेंटिमीटर मागे सरकविल्यासारखे आहे.

स्पीकरच्या बाजूचा स्विचर ही वेगळीच गोष्ट आहे. दोन ॲम्प्लिफायर हेड व एकच स्पीकरपेटी असल्यास हेडचा निर्गम बदलावा लागतो. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला चालू असताना भार मिळाला नाही, तर त्याच्या निर्गम ट्रान्सफॉर्मरमध्ये उच्च दाब निर्माण होऊन वेष्टन जळू शकते. म्हणून येथे केवळ मार्ग बदलणारा स्विचर चालत नाही. न वापरलेल्या हेडला पर्यायी भार देणारा किंवा त्याचा संकेत रोखून धरणारा स्विचरच लागतो. दोन हेडचे निर्गम कधीही एकमेकांस जोडू नयेत. गिटारची केबल स्पीकरला लावणे हीदेखील तशीच चूक, कारण तिची आतली तार इतक्या प्रवाहासाठी बनविलेलीच नसते.

अर्थिंग

गुणगुण थांबविण्याचा एक सोपा मार्ग सर्रास सांगितला जातो: एका ॲम्पच्या प्लगची मोठी, अर्थिंगची पिन काढून टाकावी किंवा दोन पिनांचा ॲडॅप्टर लावावा. गुणगुण त्याने खरोखरच थांबते, आणि म्हणूनच हा सल्ला घातक आहे.

विद्युत गिटारच्या तारा ब्रिजमार्फत केबलच्या आवरणाला, आणि आवरणातून ॲम्पच्या धातूच्या पेटीला जोडलेल्या असतात. अर्थिंग शाबूत असताना पेटीत फेजची तार सुटून लागली, तर प्रवाह जमिनीकडे जाऊन फ्यूज किंवा एमसीबी तुटतो. अर्थिंग काढले असेल तर पेटी, आवरण आणि वादकाच्या बोटांखालच्या तारा २३० व्होल्टवर राहतात. वादकाला ते कळतही नाही. तो गाण्यासाठी मायक्रोफोनला ओठ लावतो. मायक्रोफोनची जाळी मिक्सरमार्फत अर्थिंगला जोडलेली असते, आणि प्रवाहाचा मार्ग त्याच्या शरीरातून पूर्ण होतो. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वी ३ मे १९७२ रोजी स्वॉन्झी येथे रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावून मृत्यू पावला. ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ मे १९७६ मध्ये घरी विद्युत गिटार वाजवीत असताना विजेच्या धक्क्याने गेला.

आपल्याकडील मंडपात हा धोका अधिक असतो. गणेशोत्सव, नवरात्र किंवा हळदीच्या कार्यक्रमात मिक्सर जनरेटरवर आणि ॲम्प शेजारच्या घरातून आणलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर, अशी जोडणी अनेकदा दिसते. त्या बोर्डाच्या तिसऱ्या छिद्रात तार असेलच असे नाही. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये दाबाचा फरक असला तरी वादकाला झटका बसतो. म्हणून ॲम्प स्विचर वापरणाऱ्याने मिक्सर व दोन्ही ॲम्प एकाच ठिकाणाहून, ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी असलेल्या जोडणीवरून चालवावेत. गावणे सुरू करण्यापूर्वी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला व दुसरे मायक्रोफोनच्या जाळीला लावून पाहावे. काही व्होल्टांपेक्षा अधिक आकडा दिसला तर कार्यक्रम थांबवून दोष शोधावा, मग निमंत्रकांनी कितीही घाई केली तरी.

महाराष्ट्रातील वापर

महाराष्ट्रात विद्युत गिटारचा रंगमंचीय वापर मुंबईत रुजला. १९८४ साली स्थापन झालेला आणि १९९३ पासून ‘इंडस क्रीड’ या नावाने ओळखला जाणारा ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद, तसेच १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव यांचा त्यात मोठा वाटा आहे. त्या महोत्सवाचे रंगभवन हे नाव त्या पिढीच्या श्रोत्यांच्या आजही तोंडी असते.

ठाणे, रायगड व मुंबईच्या आगरी-कोळी वस्त्यांतील बेंजो पार्ट्यांनाही हा विषय लागू पडतो. बेंजो म्हणून ओळखले जाणारे वाद्य म्हणजे जपानी ताइशोगोतोपासून आलेला बुलबुलतरंग होय; त्याला विद्युत-चुंबकीय पिकअप बसविला की त्याचा संकेत गिटारच्या संकेतासारखाच असतो. प्रतिध्वनीचे पेडल लूपमध्ये घेणे किंवा एबीवाय पेटीने दोन ॲम्प चालविणे त्याला तितकेच साधते, आणि अर्थिंगविषयीची सर्व पथ्ये त्यालाही तशीच पाळावी लागतात.

भिवंडी तालुक्यात, शेलारसारख्या गावांतही, यंत्रमागांमुळे आणखी एक अडचण संभवते. मोटारी व ट्रान्सफॉर्मर यांचे चुंबकक्षेत्र एकपदरी वेटोळ्याच्या पिकअपमध्ये थेट शिरते. ही घरघर गिटारची दिशा फिरविली की कमीजास्त होते. वलयामुळे होणारी गुणगुण तशी बदलत नाही. पहिल्या प्रकारावर कोणताही स्विचर उपाय करू शकत नाही. तेथे दुहेरी वेटोळ्याचा हंबकर पिकअपच वापरावा लागतो.

स्मृतियुक्त लूपर व विलगक स्विचर बहुतांशी आयात होत असल्याने महाग पडतात. निष्क्रिय लूपर मात्र घरी बनविता येतो. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोडच्या बाजारात त्याचे सुटे भाग मिळतात: नऊ पायांचे थ्रीपीडीटी पायबटण, ६.३५ मिलिमीटरची चार जॅक छिद्रे, एक एलईडी, तिच्यासाठी रोधक आणि ॲल्युमिनियमची पेटी. बटणाच्या नऊ पायांपैकी सहा संकेताचा मार्ग बदलतात व तीन दिव्यासाठी उरतात. दाबताना ‘टक्’ असा आवाज आला, तर पेडलातून पाझरणारा एकदिश दाब हे त्याचे कारण असते. लूपच्या दोन्ही छिद्रांवर आवरणाकडे एकेक मेगाओहमचा रोधक जोडल्यास तो बराच कमी होतो. पेटी प्लॅस्टिकची घेऊ नये. धातूची पेटी आवरणाशी जोडलेली असल्यामुळे बाहेरचा गोंगाट आत येत नाही.