स्किझोफ्रेनिया आणि आनुवंशिकता : कुटुंबीयांनी जाणून घ्यावे असे काही

घरातील व्यक्तीस स्किझोफ्रेनिया म्हणजेच छिन्नमनस्कता असल्याचे निदान झाले, की कुटुंबासमोर दोन प्रश्न उभे राहतात : हा आजार आला कोठून, आणि आता तो आणखी कोणाला होईल? याच भीतीपोटी अनेक घरांत आजार लपविला जातो, भावंडांचे विवाह अडतात आणि उपचारांना विलंब होतो. म्हणून आनुवंशिकतेचा नेमका अर्थ समजून घेणे आवश्यक आहे.

डोपामीन व त्याचे ग्राही

मेंदूतील चेतापेशी रासायनिक द्रव्यांद्वारे परस्परांना संदेश पाठवितात. डोपामीन हे त्यांपैकी एक द्रव्य होय. एका पेशीतून स्रवलेले डोपामीन शेजारच्या पेशीवरील विशिष्ट प्रथिनांशी जोडले जाते. या प्रथिनांना ‘ग्राही’ म्हणतात. त्यांचे पाच प्रकार आहेत. स्किझोफ्रेनियामध्ये मेंदूच्या काही भागांत डोपामीनचे कार्य वाढलेले आढळते. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, निराधार संशय बळावणे या लक्षणांचा त्याच्याशी संबंध आहे.

जनुकांचा वाटा किती?

दुसऱ्या प्रकारच्या ग्राहीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ३७ हजार रुग्णांच्या अभ्यासात या आजाराशी निगडित १०८ जनुकीय स्थाने आढळली. त्यांत या जनुकाचेही स्थान होते. मात्र अशा भिन्नता असंख्य निरोगी व्यक्तींमध्येही असतात. एकेका भिन्नतेमुळे धोका अत्यल्प वाढतो. म्हणून एका जनुकाच्या तपासणीवरून आजाराचे निदान किंवा भाकीत करता येत नाही. डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी सुचविल्याखेरीज अशा तपासणीवर खर्च करू नये.

आयुष्यभरात आजार होण्याची शक्यता साधारणपणे अशी असते :

• सर्वसामान्य व्यक्ती : १०० पैकी सुमारे १
• आई किंवा वडील, अथवा सख्खे भावंड आजारी असल्यास : १०० पैकी सुमारे १०
• एकरूप जुळ्यांपैकी एक आजारी असल्यास दुसऱ्यास : १०० पैकी सुमारे ४० ते ५०

म्हणजेच आई किंवा वडील आजारी असले, तरी १०० पैकी सुमारे ९० मुलांना हा आजार होत नाही. जनुके सारखीच असूनही निम्मी किंवा त्याहून अधिक एकरूप जुळी भावंडे त्यापासून मुक्त राहतात. यावरून अन्य घटकांचेही महत्त्व स्पष्ट होते : गर्भारपणातील व प्रसूतीतील गुंतागुंत, बालपणातील आघात, किशोरवयातील गांजाचे सेवन. यांपैकी गांजा टाळणे आपल्या हाती आहे. घरात हा आजार असल्यास ते अधिकच महत्त्वाचे ठरते.

करणी, ग्रहदशा किंवा आईच्या संगोपनातील उणीव यांमुळे हा आजार होत नाही. विवाह हा त्यावरील उपचार नव्हे.

औषधे कशी कार्य करतात?

१९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझीन हे औषध उपलब्ध झाले. तेव्हापासून वापरात आलेली बहुतेक औषधे मुख्यतः दुसऱ्या प्रकारच्या ग्राहींवर कार्य करून डोपामीनचा अतिरिक्त प्रभाव कमी करतात. बरे वाटू लागले म्हणून औषध अचानक बंद केल्यास आजार उलटू शकतो. हातापायांत ताठरपणा, कंप किंवा वजनवाढ जाणवल्यास औषध स्वतःहून न थांबविता डॉक्टरांना सांगावे.

आपण काय करावे?

• तरुण व्यक्ती एकलकोंडी होऊ लागली, शिक्षण वा कामात मागे पडली, झोप बिघडली, स्वतःशीच बोलू लागली किंवा संशय घेऊ लागली, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. उपचार जितके लवकर, तितका लाभ अधिक.
• कुटुंबातील आजाराची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यान्वये रुग्णास शासकीय सेवेतून उपचार मिळविण्याचा आणि माहिती गोपनीय राहण्याचा हक्क आहे.
• रुग्णाच्या भावंडांना व मुलांना वरील आकडे समजावून सांगावेत.
• आत्महत्येचे विचार व्यक्त झाल्यास रुग्णास एकटे सोडू नये. तातडीने रुग्णालयात न्यावे.

मार्गदर्शनासाठी टेली-मानस सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर देशात कोठूनही, दिवसरात्र केव्हाही संपर्क साधावा. मराठीतून बोलण्याची सोय आहे.

जनुके आपण निवडत नाही. वेळेवर उपचार मात्र निवडू शकतो.