दुर्बिणीचा आकडा आणि दुर्बिणीचा गुण

नवेगाव बांधच्या तलावावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरले, की काठावर दुर्बिणीही दिसू लागतात. मारुती चितमपल्लींच्या लेखनातून हा परिसर मराठी घरांत पोचला. आता लोक मुलाबाळांसह येतात. त्यांच्या गळ्यातल्या दुर्बिणी पाहायची मला सवय आहे. झाईस, स्वारोवस्कीच्या उत्तम दुर्बिणी लाखाच्या पुढे जातात. दुसऱ्या टोकाला भलेमोठे आकडे मिरवणारा स्वस्त माल. या दोहोंच्या कात्रीत सापडतो तो छोटा, प्रामाणिक उत्पादक.

त्याची अडचण अशी, की दुर्बिणीचा गुण खोक्यावर दिसत नाही. ८×४२ म्हणजे आठपट प्रतिमा आणि ४२ मिलिमीटरचे भिंग. ४२ला ८ने भागा. सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यापाशी येतो. म्हणून तर पहाटेच्या अंधुक उजेडातही बदक ओळखू येते. आकडा वाढला, की हाताचा कंपही तितकाच वाढतो. गिऱ्हाईक मात्र वीसपटच मागते!

सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत लोलकावर विशेष थर लागतो. झाईसने तो १९८८ मध्ये आणला. तो दिसत नाही, खर्च मात्र वाढवतो. शिवाय दोन नळ्यांचा मेळ बिघडला, तर दुरुस्ती करणार कोण? जाहिरातीला पैसा नसलेल्या छोट्या नावावर विश्वास बसतो तो इथेच, किंवा उडतो.

तेव्हा वाचकहो, आकडा वाचू नका. दुकानाबाहेर या, दूरच्या झाडाची फांदी पाच मिनिटे न्याहाळा. डोके दुखले नाही, तर नाव छोटे असले तरी चालेल.