न्यूमोकोकल लस : जठारपेठ ते मेळघाट

न्यूमोकोकस या जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर रोखणारी ही लस (पीसीव्ही) सरकारी लसीकरणात मे 2017 पासून आधी हिमाचल प्रदेशात व बिहार-उत्तर प्रदेशाच्या काही जिल्ह्यांत आली, तर महाराष्ट्रात 2021 साली. तोवर अकोल्याच्या जठारपेठेत काय किंवा मेळघाटातल्या धारणीत काय, ती खासगी दवाखान्यात काही हजार रुपये मोजूनच मिळे.

मात्रा तीन : सहा व चौदा आठवड्यांना आणि नवव्या महिन्यात, बाळाच्या उजव्या मांडीत.

लसीकरण किती झाले हे मोजताना काही संज्ञा वापरतात. आच्छादन म्हणजे पात्र बालकांपैकी लस मिळालेल्यांचे शेकडा प्रमाण. गळती म्हणजे पहिली मात्रा घेऊन शेवटच्या मात्रेपर्यंत न पोहोचलेल्यांचे प्रमाण. पेंटाव्हॅलंटची पहिली मात्राही न मिळालेले बालक शून्य-मात्रा गणले जाते.

देशातील 12 ते 23 महिन्यांच्या बालकांचे पूर्ण लसीकरण 2015-16 मधील 62 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 76.4 टक्क्यांवर गेले. मात्र सरासरीत दरी झाकली जाते, कारण मेळघाटातील कुटुंबे पावसाळ्यानंतर कामासाठी बाहेर पडली की लसीकरण कार्डावरील नवव्या महिन्याचा रकाना अनेकदा कोराच राहतो.

पीसीव्हीची पहिली मात्रा चुकली असल्यास ती बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत सरकारी केंद्रात मोफत मिळते.