फ्रिगेट पक्ष्यांचा जातिनिश्चय

पावसाळी वादळांत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर क्वचित येऊन पडणाऱ्या सागरी पक्ष्यांत फ्रिगेट पक्षी असतात. लांब, कोनाकृती पंख, खोल दुभंगलेले शेपूट व टोकाशी आकड्याप्रमाणे वळलेली चोच यांवरून कुल तत्काळ ओळखता येते. जातीचा निर्णय मात्र तितका सुलभ नाही.

फ्रेगाटा वंशात पाच जाति आहेत. नराची लाल गळपिशवी हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध लक्षण होय. परंतु ती पाचही जातींत आढळत असल्यामुळे जातिनिश्चयास निरुपयोगी ठरते. खरा पुरावा शरीराच्या अधोभागावर असतो. थोरल्या फ्रिगेटचा नर खालून काळा असतो. धाकट्याच्या कुशीतून पांढरा पट्टा थेट काखेत शिरतो. ख्रिसमस बेटावरील जातीच्या नराचा पांढरा डाग पोटापुरताच राहतो. थोरल्या मादीचा गळा करडा-पांढरा, धाकटीचा काळा. अल्पवयीन पक्ष्यांचे डोके बहुधा फिकट किंवा तांबूस असते आणि प्रौढ पिसारा येण्यास कित्येक वर्षे लागतात. तेव्हा वय व लिंग ठरविल्याशिवाय कोणत्याही एका खुणेवर विसंबणे धोक्याचे आहे.

नावेही येथे साहाय्य करीत नाहीत. १७८९ मध्ये ग्मेलिनने थोरल्या जातीची गणना पेलिकनांत करून तिला ‘मायनर’, म्हणजे लहान, म्हटले. अग्रक्रमाच्या नियमाने ते विशेषण टिकून राहिले. ‘फ्रिगेट’ ही संज्ञा वेगवान युद्धनौकेवरून आली. बूबी पक्ष्यांचा पाठलाग करून त्यांच्या तोंडचे भक्ष्य हिसकावण्याची सवय पाहता ती समर्पक वाटते. तथापि यांचे बहुतेक अन्न, उडते मासे व माकुल, हे स्वतःच पाण्याच्या पृष्ठभागावरून टिपतात.

या पक्ष्याचा पिसारा पाण्यात भिजतो. त्यामुळे समुद्रावरच जगूनही त्याला पाण्यावर विसावता येत नाही. पंखांचा विस्तार दोन मीटरांहून अधिक व वजन सुमारे दीड किलो, यामुळे चढत्या वायुप्रवाहांवर तो अल्प श्रमाने तरंगतो. गालापागोस येथील पक्ष्यांच्या मेंदूच्या नोंदींवरून २०१६ मध्ये असे सिद्ध झाले की, उड्डाणकाळात ते दिवसाकाठी अवघी ४२ मिनिटे झोपतात. वादळाने किनाऱ्यावर लोटलेला पक्षी गलितगात्र का असतो, हे यावरून कळते.

अशा पक्ष्याची नोंद करताना घाई घातक ठरते. ख्रिसमस बेटावरील जाति त्या एका बेटाखेरीज कोठेही वीण करीत नाही; धाकट्या जातीचा अल्पवयीन पक्षी तिच्या नावे नोंदला गेल्यास तिच्या संचारक्षेत्राचा नकाशाच बिघडतो. पोट व काख यांचे स्पष्ट छायाचित्र नसेल, तर ‘फ्रिगेट, जाति अनिश्चित’ एवढेच लिहिणे योग्य.