घरशाळा, बेताच्या खर्चात

घरशाळेत पाठ्यपुस्तकांवर खर्च करण्याची गरज जवळजवळ नाहीच. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. अवांतर वाचनासाठी कोल्हापुरात १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर आहे, आणि घरशाळेला याहून भक्कम आधार शोधून सापडणार नाही.

विज्ञानाला महागडे साहित्य लागतेच असे नाही. अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केलेला एक प्रयोग चार आण्यांच्या वस्तूंत होतो. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून तिच्या तुकड्यांनी आगकाड्या जोडायच्या. चौकोन बोटाने दाबला की लगेच कलतो. त्रिकोण जागचा हलत नाही. लोखंडी पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाला स्वतःच्या हातानेच कळते. इतिहासासाठी पन्हाळा आणि कोल्हापूरच्या टाउन हॉलमधले संग्रहालय जवळच आहे.

पैसे राखून ठेवावेत ते परीक्षेसाठी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीसाठी नाव नोंदवता येते. त्यासाठी जन्मदाखला लागतो. नोंदणीचे आणि परीक्षेचे शुल्क वेगवेगळे असते, त्यामुळे दोन्हींची तरतूद आधीच करावी.