पाच पाकळ्यांची पंचाईत

तामणाचं फूल हातात घेऊन जवळून पाहिलं तर आधी नजरेत भरतात त्या चुण्या. जांभळट पाकळीची कड कुठेच सरळ नाही, सगळीकडून मुरडलेली. प्रत्येक पाकळी बुडाशी एका बारीक देठावर उभी, आणि मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. पाकळ्या मोजाव्यात तर बहुतेक वेळा सहा. हा सहाचा आकडा लक्षात ठेवा, पुढची सगळी गंमत त्याच्यावर आहे.

महाराष्ट्राचं हे राज्यफूल आणि मुंबईची लोकल एकाच कापडावर आणायची, असं एखाद्या डिझायनरने मनावर घेतलं, तर काम वरवर सोपं वाटतं. थोडी फुलं, थोडे डबे, छानसे रंग. प्रत्यक्षात मात्र त्याची गाठ भूमितीच्या एका नियमाशी पडते, आणि तो नियम कोणाचीही भीडभाड ठेवत नाही.

त्याआधी दुसरीच अडचण. ‘इथलं’ फूल आणायचं कुठून? मे महिना म्हटलं की डोळ्यांपुढे येणारा गुलमोहर मूळचा मादागास्करचा. देवळाबाहेरचा पांढरा चाफा अमेरिकेतला, कुंपणावरची बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. विक्रोळीच्या आसपास पूर्व द्रुतगती मार्गावर उन्हाळ्याच्या तोंडाशी जो गुलाबी बहर येतो आणि ज्याचे फोटो दरवर्षी घरोघरी फिरतात, तो टॅबेबुयाही अमेरिकेकडचाच. मुंबईत आलेल्याला त्याचं गाव विचारू नये, हे मला मान्य आहे. गुलमोहराशी माझं वैर नाही. पण नक्षीला ‘इथली’ म्हणायचं तर तामण, बहावा, पळस, पांगारा, काटेसावर, पारिजातक यांच्याकडेच वळावं लागतं. आणि सात-आठ वर्षं वाट पाहायची तयारी असेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कारवीकडे.

गाडी आणि फूल एकत्र आणण्याची कल्पना नवी नाही. १८८८ साली पूर्ण झालेलं व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आपलं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, पाहा. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. पण भिंतींवर आणि खांबांवर दगडात कोरलेली पानं, फुलं, पक्षी, माकडं ही जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातची. इथल्याच झाडाझुडपांकडे बघून त्यांनी ती घडवली. रोज लाखो माणसं त्या नक्षीखालून जातात आणि मान वर करत नाहीत. त्यांना दोष कसा द्यायचा? ८:४२ थांबत नाही.

स्टेशनात शिरल्यावरही नक्षीला तोटा नाही. खिडकीच्या आडव्या गजांची ओळ, पंख्यांच्या गोल जाळ्या, फर्स्ट क्लास आणि लेडीज डबा ओळखू यावा म्हणून मारलेले तिरपे पट्टे. आणि सगळ्यांत देखणी गोष्ट म्हणजे डोक्यावर लोंबणारी त्रिकोणी हँडलं. गर्दी नसताना (असा क्षण दुपारी कधीतरी येतो) डब्याच्या एका टोकाला उभं राहून बघा. मोटरमनने ब्रेक लावला की सगळी हँडलं एकाच कोनात पुढे झुकतात. शेजारच्याने काय केलं हे कोणीही बघितलेलं नसतं, तरी सगळ्यांचं एकमत.

आता कागदावर येऊ. कितीही लांब कापडावर नक्षी न तुटता चालत राहावी यासाठी सगळं कापड रंगवावं लागत नाही. एक चौकोन पुरतो, फक्त त्याच्या कडा जुळल्या पाहिजेत. त्यासाठी जी युक्ती वापरतात ती पहिल्यांदा पाहताना जादूच वाटते. कागदाच्या मध्यावर चित्र काढायचं, कडांना हात लावायचा नाही. मग कागद मधोमध उभा कापायचा आणि डावा तुकडा उजवीकडे, उजवा डावीकडे ठेवून चिकटपट्टी लावायची. तसंच आडवं कापून वरचा भाग खाली, खालचा वर. आता आपलं तामणाचं फूल चार तुकडे होऊन चार कोपऱ्यांत गेलेलं असतं आणि मधोमध मोकळी जागा उरते. तिथे हँडल काढा, पानं काढा, काय हवं ते भरा. चौकोन तयार. बाहेरच्या कडा जुळवण्यासाठी वेगळं काहीच करावं लागत नाही, कारण आत्ता ज्या कडा बाहेर आहेत त्या मघाशी एकमेकींना चिकटूनच होत्या. चौकोनाशेजारी चौकोन ठेवत गेलात की चारही कोपऱ्यांतून फूल पुन्हा अखंड उमलतं.

संगणक हेच काम एका क्लिकवर करतो. हाताने एकदा तरी करून बघावं, असं माझं मत.

या चौकोनाला धंद्यात ‘रिपीट’ म्हणतात. छपाईच्या गिरणीत त्याचं माप कलावंताच्या मनावर नसतं. रोटरी छपाईच्या नेहमीच्या गोल स्क्रीनचा घेर ६४ सेंटिमीटर असतो, म्हणून रिपीटही ६४, ३२, १६ अशा, घेराला पुरा भाग जाईल अशाच उंचीचा ठेवावा लागतो. शिवाय डोळ्याचा खोडसाळपणा आहेच. प्रत्येक चौकोनात एकच पिवळाधमक बहावा ठेवला तर लांबून कापडावर पिवळ्या रेघा दिसू लागतात. म्हणून पुढचा स्तंभ अर्ध्या चौकोनाने खाली सरकवतात, याला ‘हाफ-ड्रॉप’ म्हणतात. रेघ मोडते, नजर भरकटते आणि जोड कुठे आहे ते सापडत नाही.

एवढं झाल्यावर वाटतं की मांडणीचे प्रकार अगणित असतील. चित्रं अगणित, पण प्रकार नाहीत. सरकवणं, फिरवणं, आरशात उलटवणं, आणि उलटवून सरकवणं, या चारच हालचालींच्या जोरावर सपाट पृष्ठभागावर पसरणारी नक्षी फक्त १७ प्रकारची असू शकते. अठरावा प्रकार नाही आणि कधी सापडणारही नाही. स्फटिकांच्या रचनेचा माग काढणाऱ्या येवग्राफ फ्योदोरोव या रशियन शास्त्रज्ञाने हे १८९१ मध्ये सिद्ध केलं. १९२४ मध्ये जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने ते पुन्हा स्वतंत्रपणे मांडलं आणि सतराही प्रकारांची चित्रं दिली. ती चित्रं पुढे एशर या डच चित्रकाराच्या हाती पडली. त्याने त्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्याचे एकमेकांत अडकलेले मासे आणि पक्षी त्यातून बहरले. बिछान्याच्या चादरीपासून कोल्हापूरच्या वाड्यातल्या फरशीपर्यंत, नियमाने पसरणारी जी नक्षी तुम्ही पाहिली असेल ती या सतरांपैकीच एक.

आपल्या आयाबहिणींनी यातला गाभा कधीच पकडला होता. ठिपक्यांची रांगोळी दोन तऱ्हांची. ‘अकरा ओळी अकरा ठिपके’ म्हणजे चौकोनी जाळं. ‘अकरा ते सहा’ म्हणजे मधल्या ओळीत अकरा, वरखाली एकेक कमी करत शेवटी सहा, आणि ठिपके एकाआड एक सरकवलेले. त्यातून षट्कोन उभा राहतो. तामणाचं सहा पाकळ्यांचं फूल या अकरा-सहाच्या जाळ्यात अलगद बसतं. प्रत्येक ठिपक्यावर एक फूल, प्रत्येक पाकळीचं टोक शेजारच्या फुलाकडे. दर तीन फुलांमध्ये एक त्रिकोणी मोकळी जागा राहते आणि लोकलचं त्रिकोणी हँडल तिथे मापाने करून घेतल्यासारखं जातं. सगळं कापड एका फुलाभोवती ६० अंशांनी फिरवलं तर तामणं तामणांवर, हँडलं हँडलांवर. काही बदललंय हे कळणारसुद्धा नाही.

आता बहावा घ्या. पाकळ्या पाच. काटेसावरीच्या पाच, कारवीच्याही पाच. निसर्गाला पाचाचं वेडच आहे. पण पाचाच्या वळणावर सगळं कापड फिरेल अशी नक्षी सतरा प्रकारांत एकही नाही. दोन, तीन, चार, सहा चालतात. पाच नाही.

का, ते कागदावर पाच मिनिटांत दिसतं. समजा पाच पाकळ्यांची दोन फुलं आहेत, १० सेंटिमीटर अंतरावर, आणि साऱ्या नक्षीत याहून जवळची जोडी नाही. नक्षी कोणत्याही फुलाभोवती पाचव्या हिश्श्याने, म्हणजे ७२ अंशांनी, फिरवता येते असं धरू. पहिल्याभोवती दुसरं फूल फिरवा: जिथे ते पोचेल तिथेही एक फूल असलंच पाहिजे. दुसऱ्याभोवती पहिलं उलट दिशेने तितकंच फिरवा: तिथेही हवं. या दोन नव्या फुलांमधलं अंतर मोजा. जेमतेम ३.८ सेंटिमीटर! सर्वांत जवळची जोडी १० सेंटिमीटरवर आहे असं आत्ताच ठरलं होतं. याच दोघांवर पुन्हा तोच खेळ करा, अंतर आणखी घटेल. फुलांची चेंगराचेंगरी थांबतच नाही. आता हाच प्रयोग तामणावर ६० अंशांनी करा. फिरवलेली दोन्ही फुलं नेमकी एकाच ठिकाणी येऊन पडतात. वाद मिटला.

याचा अर्थ बहावा कापडावर छापता येत नाही असा नाही. त्याचं पाचपण फुलापुरतं राहतं, एवढंच. साऱ्या कापडाला ते आपल्या तालावर नाचवू शकत नाही. विणकरांनी यातून काढलेली वाट मला फार आवडते. फूल काठावर न्यायचं. काठ एकाच दिशेने पळतो, तिथे नियम वेगळे आणि प्रकार अवघे सात. महेश्वरी साडीच्या काठावर रुईचं फूल चालतं ते असं. रुईच्या पाकळ्याही पाचच.

दुसरी वाट गणितज्ञ रॉजर पेनरोज यांनी १९७४ मध्ये दाखवली. दोनच आकारांच्या फरश्या, त्यांत पाचाचं वळण जागोजागी डोकावतं, पण नक्षी कधीच स्वतःची हुबेहूब पुनरावृत्ती करत नाही. १९८२ मध्ये डॅन शेख्टमन या शास्त्रज्ञांना ॲल्युमिनियम-मँगेनीजच्या मिश्रधातूत तसलीच मांडणी दिसली. आधी त्यांची टिंगल झाली, २०११ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कापडगिरणीला मात्र त्याचा उपयोग शून्य. गोल स्क्रीन ६४ सेंटिमीटरनंतर पहिल्या जागी येतोच.

गाडी आणि नक्षी एकत्र आणायची ही कला लंडनच्या भुयारी रेल्वेत थेट बसायच्या जागेवर आहे. तिथल्या गाद्यांना मोकेट नावाचं लोकरीचं दाट लवदार कापड असतं. १९३७च्या सुमारास फ्रँक पिक या रेल्वेच्या बड्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने एनिड मार्क्स, मॅरियन डॉर्न यांच्यासारख्या कलावंतांकडून त्याची डिझाइन्स करून घेतली गेली. मळ दिसू नये आणि हलत्या गाडीत बघून डोळे गरगरू नयेत, या दोन्ही कसोट्या एकाच नक्षीला लागत. २०१०च्या ‘बार्मन’ मोकेटमध्ये तर लंडन आय आणि बिग बेन लपलेले आहेत, न सांगता सहसा कोणाला दिसत नाहीत. आपल्या सेकंड क्लासच्या बाकाला लोकरीचं कापड लावणं म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात वास. मुंबईने हा प्रयोग टॅक्सीत केला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘टॅक्सी फॅब्रिक’ उपक्रमात तरुण डिझायनरांनी काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या सीटपासून छतापर्यंत आपापल्या नक्षीचं कापड चढवलं.

आता पुन्हा आपल्या कापडाकडे. बहाव्याला मी तामणाच्या जाळ्यात कोंबणार नाही. त्याचे घोस लोंबतात आणि लोकलची हँडलंही लोंबतात, दोघांची दिशा खाली. घोस, हँडल, घोस, हँडल अशी ओळ, पुढचा स्तंभ अर्ध्याने सरकवलेला, आणि सगळं ब्रेक लागल्यासारखं किंचित एका बाजूला झुकलेलं. यात फिरवणं नाही, आरसा नाही, फक्त सरकवणं. सतरांतला सगळ्यांत साधा प्रकार, पण ब्रेकचा तो क्षण पकडायला हाच लागतो. अडचण एकच. हे कापड उलटं धरलं की बहावा आकाशाकडे उगवतो, त्यामुळे कुर्त्याचे सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात आणि वाया जाणारे तुकडे वाढतात. शिंप्याने नेहमीपेक्षा अर्धा मीटर जास्त मागितलं तर घासाघीस करू नका.